राहून गेलेला धूमकेतू

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, २७ डिसेंबर २०२५ रोजी केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलल्यासारखंच ठेवलं आहे.)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस तर एआयवर बोल. मी म्हटलं, एआयवर आता कोणीही बोलतं, मला आपल्या मैदानावरच्या चांदण्यांबद्दल बोलू द्या. फोनवर जरा वेळ कोणी काही बोललं नाही. मग म्हणाले, बरं, पण जेवणाच्या आत संपव. म्हणून घड्याळ समोर ठेवून बोलते आहे.

आधीच एक सांगून ठेवते. पुण्यात वीसेक वर्षं राहून मी 'आले, गेले' म्हणायला शिकले. कबनूरला उतरलं की आपोआप 'मी आलो' बाहेर पडतं. आज दोन्ही ऐकू येईल, संभाळून घ्या.

सुरुवात १९९७ पासून करायला हवी. मार्चमध्ये आपली बोर्डाची परीक्षा संपली आणि त्याच दिवसांत आभाळात हेल-बॉप नावाचा धूमकेतू आला होता. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा, शेपटीसकट. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अंधार पडला की वायव्येला, तास-दीड तास. आपल्या विज्ञानाच्या सरांनी निरोप धाडला की सात वाजता मैदानावर जमा, तिथून गावाबाहेर शेतात जाऊन बघू. मुलं गेली. आम्हा मुलींपैकी एकही गेली नाही. भांडण, रडारड काही झालं नाही. आई एवढंच म्हणाली, "रात्रीचं कुठं निघालीस?" आणि मी चप्पल काढून ठेवली. त्या काळी एवढं पुरत असे.

घरच्या माडीवरून बघायचा प्रयत्न मी केला. तीन संध्याकाळी चढले. पण आमच्या वायव्येला यंत्रमागाची शेड होती, तिच्या पत्र्यावर दोनशेचा बल्ब, आणि त्या बल्बच्या बरोबर मागे कुठेतरी तो धूमकेतू. चौथ्या दिवशी मी जिना चढले नाही. मुलं मात्र पुढे आठवडाभर सांगत होती, शेपूट एवढी होती, नाही तेवढी होती. इथे बसलेल्यांपैकी काही जण अजून सांगतात आणि दर स्नेहमेळाव्याला ती शेपूट वीतभर वाढते.

हा धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ आला १ एप्रिल १९९७ ला. आता तो परत येईल सुमारे २४०० वर्षांनी. म्हणजे राहिला तो राहिलाच.

पुढे कधीतरी याच धूमकेतूची एक गोष्ट वाचनात आली आणि ती माझ्या डोक्यातून गेली नाही. २३ जुलै १९९५ च्या रात्री अमेरिकेत दोन माणसांना तो वेगवेगळ्या ठिकाणी दिसला. एक ॲलन हेल, खगोलशास्त्र शिकलेले. दुसरे थॉमस बॉप. हे बांधकामाच्या सामानाच्या कारखान्यात नोकरी करायचे. त्यांच्याकडे स्वतःची दुर्बीणसुद्धा नव्हती. मित्रांबरोबर ॲरिझोनाच्या वाळवंटात रात्री चांदण्या बघायला गेले होते, मित्राच्या दुर्बिणीला डोळा लावायची त्यांची पाळी आली आणि एक धुरकट ठिपका दिसला. एवढ्यावर धूमकेतूला त्यांचं नाव लागलं. रांगेत उभं राहून, दुसऱ्याच्या दुर्बिणीतून.

आपल्याकडे ही रांग नवी नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवते आहे. मुंबईचं खगोल मंडळ १९८५ चं. कर्जतच्या लोकल मार्गावर वांगणी आहे, तिथे त्यांचे रात्रभराचे कार्यक्रम होतात. संध्याकाळी लोकलने जायचं, रात्रभर आकाश बघायचं आणि पहाटेच्या लोकलमध्ये झोपत घरी यायचं. आणि त्याच्याही कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात, शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'ज्योतिर्विलास' लिहिलं. त्याचं दुसरं नाव त्यांनी ठेवलं होतं 'रात्रीची दोन घटका मौज'. दीक्षित पेशाने शिक्षक होते, हे समोर बसलेल्या सर-बाईंसाठी मुद्दाम सांगते. आणि यंदा मे महिन्यात आपल्यातून गेलेले जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचे. तेव्हा हा विषय आपल्याला परका आहे असं कोणी म्हणू नये.

मी स्वतः पुण्याजवळच्या अशाच एका कार्यक्रमाला पहिल्यांदा गेले तेव्हा पस्तिशी उलटली होती. तिथे एक कॉलेजची मुलगी रात्री दीड वाजता शंभर माणसांना कृत्तिका कुठे ते दाखवत होती. तिची आई मागे घोंगडी पांघरून घोरत होती. मला कृत्तिकांपेक्षा तेच दृश्य जास्त आठवतं. हे कबनूरला का नाही, असं त्या रात्री डोक्यात आलं ते आलंच.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी आपल्या बॅचच्या ग्रुपवर ही गोष्ट टाकली. पाच मिनिटांत पंधरा जण तयार. त्यातल्या चौघांनी सुचवलं, कोजागरीला करू, मसाला दूधही होईल. दुधाला माझी हरकत नव्हती. पण चांदण्या बघायला पौर्णिमेइतकी वाईट रात्र नाही. चंद्राच्या उजेडात बारीक तारे बुडून जातात. आणि गंमत म्हणजे चंद्र बघायलाही पौर्णिमा वाईटच. तेव्हा सूर्याचा उजेड त्याच्यावर समोरून पडतो, डोंगर-खळग्यांना सावली राहत नाही, सगळं सपाट दिसतं. भर दुपारी काढलेला फोटो जसा पांढराफटक येतो, तसं. पंचमी ते अष्टमीचा चंद्र घ्यावा. उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात आणि खळगे वर उचलून आल्यासारखे दिसतात.

हे सगळं मला माहीत होतं, तरी पहिल्या खेपेला मी घोळ घातला. पंचांग बघितलं, कृष्ण अष्टमी, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार, शनिवार, थंडी, आभाळ स्वच्छ. तारीख पक्की केली २३ नोव्हेंबर २०२४. पंचांग बघितलं, पण वर्तमानपत्र नाही बघितलं. विधानसभेची मतमोजणी त्याच दिवशी होती. संध्याकाळी आम्ही दुर्बीण लावतोय आणि गावात गुलाल, हलगी, डॉल्बी आणि फटाक्यांचा असा धूर की गुरूसुद्धा पिवळट दिसायला लागला. त्यात पलीकडच्या शेतात कोणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं.

बरं, तेवढ्यावर भागलं नाही. मी पुण्याहून प्रोजेक्टर आणला होता. चाळीस स्लाइड. विश्वाची उत्पत्ती, ताऱ्यांचे प्रकार, प्रकाशवर्ष म्हणजे काय. आम्हा ऑफिसातल्या लोकांना स्लाइडशिवाय तोंड उघडता येत नाही, हा रोगच आहे. अंधारात डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मी लोकांना आभाळाकडे पाठ करून पांढऱ्या पडद्याकडे बघायला लावलं होतं. बाराव्या स्लाइडला एक आजोबा उठले आणि मला म्हणाले, "बाळ, टीव्ही घरीबी हाय." आणि गेले. शेवटी उरलो अकरा जण. त्यात सात आपल्याच बॅचचे. बाहेरची एकही बाई नाही, एकही मुलगी नाही.

त्या रात्री घरी येऊन मी वहीत लिहिलं की काय काय चुकलं. फटाके आणि धूर माझ्या हातात नव्हते. प्रोजेक्टर होता. पण बायका का आल्या नाहीत, याचं उत्तर मला माहीत असूनही मी त्यासाठी काहीच केलं नव्हतं. ग्रुपवर आणि दोन फलकांवर 'सर्वांना आग्रहाचं निमंत्रण' लिहिलं होतं. १९९७ चा निरोपही सगळ्यांनाच होता की. फरक काय?

म्हणून दुसऱ्या खेपेची तयारी उलटीकडून केली. आधी घरं, मग ग्रह. आपल्या वर्गातल्या ज्या चार मैत्रिणी गावातच आहेत, त्यांनी ठरवलं की फलक लावायचा नाही, घरोघरी जायचं. तेही मुलींना भेटायला नाही, त्यांच्या आयांना. "पोरीला पाठवा" म्हटलं नाही. "तुम्ही या, पोरीला आणा" म्हटलं. प्रश्न ठरलेले होते. किती वाजता सुटणार? घरी कोण सोडणार? बाथरूमची सोय आहे का? बापे किती असणार? चारही प्रश्नांना उत्तर तयार ठेवलं. सुटण्याची वेळ दहा, जास्तीत जास्त साडेदहा. आळीप्रमाणे गट, प्रत्येक गटाबरोबर आमच्यातली एक, आणि घरापर्यंत सोडायला बॅचमधल्यांच्या गाड्या. शाळेतलं मुलींचं बाथरूम उघडं, तिथपर्यंतच्या वाटेवर जमिनीलगत लाल दिवे. चौथ्या प्रश्नाला एक मैत्रीण म्हणाली, "बापे असतील, पण ते रांगेत आपल्या मागं." त्याने निम्मी गर्दी जमली असं माझं मत आहे.

मग दिवा. मैदानाच्या कोपऱ्यावरचा तो उंच खांब तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या उजेडात रात्री पेपर वाचता येतो. ज्यांच्या हातात ते बटण आहे त्यांना जाऊन भेटलो. ते म्हणाले, अंधारात काही झालं तर? रास्त प्रश्न होता. आम्ही रस्त्याकडचे दिवे चालूच ठेवायचं ठरवलं आणि फक्त मैदानावर तोंड केलेला दिवा आठ ते साडेदहा बंद. मागच्या दोन माग-शेडच्या मालकांनी खिडक्यांना आतून पोती लावून दिली. माग बंद ठेवा असं मी म्हटलं नाही. ते म्हणणंही मूर्खपणाचं झालं असतं. त्यामुळे आपल्या आकाशदर्शनाला मागाचा खटखटाट होता, आणि खरं सांगते, मला तो आवडला. शांत माळावर ग्रह बघितलेत मी, पण आपलं गाव ऐकत गुरू बघायचा ही मजा वेगळी.

तारीख घेतली ४ जानेवारी २०२५, शनिवार. पौष शुक्ल पंचमी. या वेळी वर्तमानपत्रही बघितलं, लग्नाच्या तिथी बघितल्या, क्रिकेटची मॅच आहे का ते बघितलं. आभाळात त्या संध्याकाळी पश्चिमेला शुक्र, त्याच्या वर चंद्रकोर आणि तिच्या अगदी शेजारी शनी, पूर्वेकडे उंचावर रोहिणीजवळ गुरू, खाली मृग, आणि थोड्या वेळाने पूर्वेला लाल मंगळ. पहिल्यांदा बघणाऱ्याला याहून काय हवं? चंद्र दहा-साडेदहाला मावळणार, म्हणजे सगळ्यांचा चंद्र बघून होईतो उजेड आणि नंतर अंधार.

रांगेचा हिशेब मी नोव्हेंबरातच करायला हवा होता, कारण तो माझा धंदा आहे. एका माणसाला दुर्बिणीपाशी दीड मिनिट लागतं. चष्मा काढायचा, कुठला डोळा ते ठरवायचं, "काय दिसत नाही" म्हणायचं, मग "अगं बाई!" म्हणायचं. दीडशे माणसं धरली तर एका दुर्बिणीवर पावणेचार तास. चंद्र तेवढा थांबणार नाही. म्हणून दोन दुर्बिणी. माझी सहा इंची, आणि पुण्यातल्या एका मैत्रिणीकडून मागून आणलेली दुसरी. एक पश्चिमेकडे चंद्र-शनीला, एक पूर्वेकडे गुरूला. पंधरा-पंधरा जणांचे गट, आणि ज्यांची पाळी नाही ते सतरंज्यांवर पाठ टेकून नुसत्या डोळ्यांनी आभाळ बघणार. हे सतरंजीचं सगळ्यात महत्त्वाचं. उभ्याने वर बघून पाच मिनिटांत मान दुखते आणि माणूस मोबाईल काढतो.

लहानांसाठी स्टूल, मोठ्यांसाठी खुर्ची. एक डोळा मिटता न येणाऱ्या पोरांसाठी काळ्या कापडाची पट्टी. बॅटऱ्यांना पतंगाचा लाल कागद दोन पदरी, कारण लाल उजेडाने सरावलेले डोळे बिघडत नाहीत. दारातच एक जण मोबाईल खिशात घालायला सांगायला. हिरवा लेसर एकाच्याच हातात, आणि तो पोरांच्या हातात जाणार नाही अशी ताकीद, कारण तो डोळ्यात गेला तर कायमचं नुकसान करतो. चहा ठेवला नाही, नाहीतर सगळे तिथेच उभे राहतात. शेंगा आणि गूळ ठेवला.

एकशेचाळीसच्या आसपास माणसं आली. मोजून सांगते, निम्म्याहून जास्त बायका आणि मुली.

आठ वाजता दिवा गेला तेव्हा पोरांनी आरडाओरडा केला, आणि मग हळूहळू शांत झाली. कोणी गप्प बसा म्हटलं नव्हतं. आभाळ एकदम वाढल्यासारखं झालं होतं. इचलकरंजीच्या बाजूला उजेडाची तांबूस झाक होती, ती जाणार नव्हतीच, पण डोक्यावर चांगला अंधार होता.

मी मृगापासून सुरुवात केली. मधले तीन तारे सरळ रेषेत, ते कोणालाही सापडतात. मी म्हटलं, हा मृगाच्या पोटात घुसलेला बाण. मागून एक म्हातारी म्हणाली, "ते तिकांडं की! आम्ही त्याच्यावर पाण्याच्या पाळ्या ओळखायचो." मग मी गप्प बसले आणि पाच मिनिटं त्याच बोलल्या. पहाटे उठायची वेळ, तिकांडं कलंडलं की किती रात्र उरली. मी ॲपवर शिकलेली गोष्ट त्यांनी रानात उभ्याने शिकली होती. तिकांड्याची रेघ खाली वाढवली की व्याध, आभाळातला सर्वांत तेजस्वी तारा. तीच रेघ वर वाढवली की रोहिणी, आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा झुबका. एकदा ही रेघ कळली की घरच्या अंगणातूनसुद्धा चार नक्षत्रं आपली होतात.

मग एका शेतकरी काकांनी जो प्रश्न विचारला, तो त्या रात्रीचा सर्वांत चांगला प्रश्न होता. "मिरीग जूनात निघतो. पेरणी त्याच्यावर. हा जानेवारीत कसा काय वर आलाय?"

विचार करा, आपण लहानपणापासून ऐकतो, मृग निघाला, रोहिणीचा पाऊस, आर्द्रा लागल्या. पण जूनमध्ये रात्री आभाळात मृग शोधायला कोणी जात नाही. गेलं तरी मिळणार नाही. मी एका मुलाच्या हातात बॅटरी दिली, तो सूर्य. एका मुलीला मध्ये उभं केलं, ती पृथ्वी. बाकीच्यांचं मोठं रिंगण, प्रत्येकाला एक नक्षत्राचं नाव. आता मुलगी बॅटरीकडे तोंड करून उभी राहिली की तो तिचा दिवस. बॅटरीच्या मागे रिंगणात जो उभा आहे त्याचं नाव मृग. तो तिला दिसतो का? नाही, डोळ्यावर उजेड येतो. 'सूर्य मृगात आला' म्हणजे एवढंच, की सूर्याच्या पाठीमागे सध्या मृग नक्षत्र आहे. सात-आठ जूनला तो तिथे येतो, तेरा-चौदा दिवस राहतो, मग आर्द्रात जातो. अशी सत्तावीस नक्षत्रं म्हणजे वर्ष. मग मुलीला बॅटरीच्या दुसऱ्या बाजूला नेऊन उभं केलं, म्हणजे सहा महिने गेले. आता बॅटरीकडे पाठ केली, रात्र झाली, आणि मृग बरोबर समोर. काका त्या रिंगणात स्वतः उतरून दोनदा फिरले. म्हणाले, "म्हंजे पावसाळ्यात तो ढगाच्या मागं नसतो, सूर्याच्या मागं असतो." मला हे एका वाक्यात सांगता आलं नसतं.

वाहन बेडूक का म्हैस त्यावर पाऊस ठरतो का, हाही प्रश्न आला. मी म्हटलं, पाऊस ठरतो समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यावर, नक्षत्र हे फक्त कॅलेंडर आहे, आणि कॅलेंडर म्हणून ते पक्कं आहे. वाहनाबद्दल वाद घालत बसले नाही. गुरू मावळायला वेळ होता, पण चंद्राला नव्हता.

दुर्बिणीपाशी एक बाई आल्या. इचलकरंजीला मागावर कांड्या भरायला जातात. गुरू बघून म्हणाल्या, "मधे मोठा दिवा आणि बाजूला बारीक ठिपके, एका ओळीत. कांड्या लावल्यासारखे." ते गुरूचे मोठे चंद्र. त्यांच्या फिरण्याची पातळी आपल्याला कडेने दिसते म्हणून ते ओळीत दिसतात. गॅलिलिओने ते पहिल्यांदा बघितले १६१० च्या जानेवारीत, आणि रात्रीगणिक त्यांच्या जागा बदलतात हे बघून त्याने ओळखलं की सगळंच काही पृथ्वीभोवती फिरत नाही. त्या बाईंनी परत रांगेत उभं राहून दुसऱ्यांदा बघितलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ताई, तुमची दुर्बीण हालली, गुरू कडेला गेला." दुर्बीण नव्हती हलली. आपण हललो होतो. माझ्या भिंगात आभाळाचा सुमारे एक अंशाचा तुकडा दिसतो, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो चार मिनिटांत समोरून निघून जातो. दर दीड-दोन मिनिटांनी दुर्बीण सरकवावी लागते. पृथ्वी फिरते हे आपण सगळ्यांनी पाठ केलं होतं, मार्कही मिळवले होते. फिरताना बघितलं होतं का कोणी?

शनीपाशी मात्र रांग अडखळली. एकीने हळूच विचारलं, "बघितला तर मागं लागत नाही ना?" हसू नका, हा प्रश्न मनात असलेले इथेही आहेत. मी सांगितलं, साडेसात कुठून आले ते बघा. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षं. तुमची रास, आधीची एक आणि नंतरची एक, तीन अडीच साडेसात. तो बिचारा आपल्या वेगाने चालला आहे. कडी तेव्हा जवळजवळ कडेवर आली होती, म्हणून चेंडूतून आरपार घातलेल्या सुईसारखी दिसत होती. मार्च २०२५ मध्ये ती पूर्णच कडेवर आली. पंधराएक वर्षांनी एकदा असं होतं. ती बाई बघून आली आणि म्हणाली, "एवढुसा? ह्याला घाबरत होतो आम्ही?"

दहाच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्य वर आला. उत्तरेला ध्रुव. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम सतरा अंशांवर असतो, कारण आपलं गाव विषुववृत्तापासून तेवढंच वर आहे. हात लांब करून पंजा पसरला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीस अंश होतात, म्हणजे वीतभरही नाही. आणि अगस्त्य दक्षिणेला चढून चढून वीस-एकवीस अंश चढतो. लंडनच्या माणसाला तो कधीच दिसत नाही. पोरांना हे फार आवडलं.

माझी आई आली होती. चंद्र बघून म्हणाली, "देवीचे वण आहेत गं याच्या तोंडावर." १९९७ ची गोष्ट मी तिला तिथेच विचारली. तिला काहीसुद्धा आठवत नाही. "कसला धूमकेतू? आणि मी नको म्हटलं? मी कशाला नको म्हणेन?" मी वाद घातला नाही.

सर आले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. त्यांच्यासाठी खुर्ची दुर्बिणीशी आणली. त्यांनी चंद्र खूप वेळ बघितला, दीड मिनिटाचा नियम आम्ही मोडला. उठताना ते मला म्हणाले, "त्या वर्षी मी पोरांना निरोप दिला. पोरींच्या घरी गेलो नाही. वाटलं, पाठवणार नाहीतच. विचारायला पाहिजे होतं." सर इथे बसले आहेत, त्यांना विचारून मी हे सांगते आहे. मला त्या वेळी काही सुचलं नाही. मी म्हटलं, "सर, शनी बघायचा राहिलाय तुमचा," आणि त्यांना दुसऱ्या भिंगाशी नेलं.

पावणेअकराला शेवटची मुलगी घरी पोचल्याचा फोन आला. पंधरा मिनिटं उशीर झाला आमच्याकडून, तो मी मान्य करते. तेव्हापासून दोनदा झालंय हे, आणि एका रात्री ढगांनी सगळं झाकलं, तेव्हा शेंगा खाऊन परत आलो.

आता एवढंच सांगायचं राहिलं. आज सप्तमी-अष्टमीचा चंद्र आहे, अर्धा, म्हणजे मघाशी सांगितलं तसा अगदी हवा तो. त्याच्या थोडं पश्चिमेला शनी आहे. तो सध्या मीन राशीत आहे, आणि आपण दहावीला होतो तेव्हाही तो मीनेतच होता. म्हणजे आपण शाळा सोडल्यापासून त्याची एक फेरी होत आली. गुरू या वर्षी पुनर्वसूपाशी आहे, आठपर्यंत पूर्वेला वर येईल, पण चांगला दिसायला नऊ वाजू द्या.

जेवण झालं की मैदानावर या. दिवा साडेआठला बंद होणार आहे, सतरंज्या टाकून ठेवल्यात. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून बघितलं तरी चालतं, भिंग आम्ही जुळवून देतो. रांगेत बायका पुढे. आणि शेपटीची लांबी सांगणाऱ्यांनी कृपा करून सगळ्यांत मागे उभं राहावं.